मदत हवी आहे: त्रिपुरी पौर्णिमेला आईला थायलंडला न्यायचंय, चियांग माय की सुखोथाय?

मेणवली

नमस्कार मंडळी,

आईला पहिल्यांदाच परदेशी न्यायचं ठरतंय, त्यासाठी हा धागा. आई अडुसष्ट वर्षांची, माहेर वाईचं. त्रिपुरी पौर्णिमेला कृष्णेत दिवे सोडायचे हे तिच्या परकर-पोलक्यातल्या दिवसांपासूनचं. लग्न होऊन पुण्यात आली तरी ती संध्याकाळ तिने कधी चुकवली नाही. बाबा होते तोवर ते गाडी काढायचे, गेली चार वर्षं मी नेते. साडेसातशे वातींची त्रिपुरवात ती स्वतः वळते. दिवाळीचे डबे रिकामे व्हायला लागले की तिच्या मांडीवर कापूस दिसतोच.

मागे एकदा तिला फोनवर लोय क्राथोंगची, म्हणजे थायलंडच्या पाण्यात दिवे सोडायच्या सणाची, चित्रफीत दाखवली. केळीच्या खुंटाची चकती, तिला दुमडलेल्या पानांची महिरप, वर फुलं, तीन उदबत्त्या, मेणबत्ती, आणि नदीभर असे दिवे. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हे तर आपलंच आहे. त्यांचं कधी असतं?" शोधलं, तर 2023 मध्ये 27 नोव्हेंबर, 2024 मध्ये 15 आणि 2025 मध्ये 5. तिन्ही वर्षी आपली कार्तिकी पौर्णिमाच! तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

2026 ची त्रिपुरी 24 नोव्हेंबरला, मंगळवारी आहे. लक्ष्मीपूजन 8 तारखेला, म्हणजे भाऊबीज करून, थोडी विश्रांती घेऊन निघता येईल. मला सात-आठ दिवस रजा मिळेल. आम्ही दोघीच जाणार.

अडलंय ते असं. चियांग मायला आकाशात हजारो कंदील सोडतात तो कार्यक्रम तिकिटाचा आहे आणि तिकीट चार-पाच हजार थाई बातांच्या पुढेच दिसतंय. तो घ्यावा का? की सुखोथायला जावं? आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालते पण पायऱ्या आणि रेटारेटी झेपत नाही. ती शुद्ध शाकाहारी आहे, चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाही. कार्तिकी एकादशीला तिचा नेम सुटतो, पण बाहेरगावी ती एकंदरीतच खाण्याला बिचकते. आणि तिने वळलेली वात तिकडे लावता येईल का? तिने हे एकदाच विचारलं, पण मला माहीत आहे, तिचं सगळं मन त्या वातीत आहे.

---

कावेरी_बँकॉक

मेणवली, तुमच्या आईचं बरोबर आहे. थाई लोक हा दिवा प्रा मे खोंगखाला वाहतात. खोंगखा म्हणजे आपली गंगा. वर्षभर तुझं पाणी वापरलं, घाण केलं, त्याची क्षमा कर, असं म्हणून दिवा सोडतात. माझ्या शेजारच्या आजी त्यात नखाचा कपटा आणि केसाची बट ठेवतात, वर्षाची इडापिडा वाहून जावी म्हणून. मी इथे नऊ वर्षं आहे आणि दरवर्षी त्यांच्यासोबत दिवा सोडताना मला पंचगंगेचा घाट आठवतो.

आता तारखेचं. लोय क्राथोंग थाई चांद्र पंचांगाच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतं. उत्तरेकडच्या लान्ना लोकांची मोजणी दोन महिने पुढे चालते, म्हणून तीच पौर्णिमा त्यांच्या दुसऱ्या महिन्याची. यी म्हणजे दोन, पेंग म्हणजे पौर्णिमा. चियांग मायचा यी पेंग तो हाच. तुम्ही 24 आणि 25 अशा दोन्ही रात्री तिथे राहा. तिकडचा उत्सव एका संध्याकाळीत आटपत नाही. 23 ला दुपारपर्यंत पोचलात तर आईंना एक दिवस आराम मिळेल. या सणाला इथे सरकारी सुट्टी नसते, त्यामुळे बँका, दुकानं, दवाखाने सगळं चालू असतं. वयस्कर माणूस सोबत असताना हे मोठं सोयीचं.

वातीचं वाचून मला राहवलं नाही. यी पेंगला घराच्या कुंपणावर, देवळाच्या ओट्यावर, जुन्या शहराच्या खंदकाकाठी मातीच्या छोट्या पणत्या लावतात. त्यांना म्हणतात फांग प्रथीप. प्रथीप म्हणजे प्रदीप. पणती तीच, वात तीच, तेवढं तेल किंवा मेण वेगळं. आईंची वात नक्की लागेल. वाती चेक-इनच्या बॅगेत कोरड्या घ्या, काडेपेटी मात्र सामानात नको, इथे कुठेही मिळते. तूप आणायच्या भानगडीत पडू नका, तेल इथेच घ्या.

खाण्यासाठी एकच शब्द पाठ करा: "जे". पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत ही पाटी दिसली की आत निर्धास्त जा. जे म्हणजे मांस-मासे-अंडं नाहीच, दूध नाही, वर कांदा-लसूणही नाही. चातुर्मासापेक्षा कडक! नुसतं "भाजी द्या" म्हटलंत तर मात्र त्यात माशाचा सॉस किंवा कोळंबीची चटणी असते, आणि ते देणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही.

---

सह्यवाटा

आम्ही 2024 ला तिकिटाच्या कार्यक्रमाला गेलो होतो, सासूबाई सोबत होत्या, त्यामुळे कळकळीने लिहितोय.

दृश्य विलक्षण असतं, त्यात शंका नाही. हजारो कंदील एकाच वेळी वर जातात आणि कितीतरी मिनिटं कोणी बोलत नाही. पण ही मैदानं शहराबाहेर आहेत. दुपारी चारच्या सुमारास बसने नेतात, जमिनीवर पातळ बैठकीवर तासन्‌तास बसवतात, आणि परतताना सगळ्या बसेस एकाच रस्त्यावर. आम्ही हॉटेलवर पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. सासूबाईंना दोन माणसांनी धरून उठवावं लागलं. गुडघ्यांचा त्रास असेल तर माझ्या मते हा कार्यक्रम टाळा. आणि तुमच्या आईंना दिवा स्वतःच्या हाताने पाण्यात सोडायचा आहे ना? तो त्या मैदानावर सोडता येतोच असं नाही.

दुसरं, विमान. कंदील वर जातात म्हणून त्या दोन रात्री चियांग माय विमानतळावरची संध्याकाळनंतरची उड्डाणं रद्द होतात किंवा वेळ बदलते. आमचं परतीचं विमान आधी कळवून पाच तास पुढे ढकललं, पण तो संदेश आम्ही नीट वाचला नाही आणि बँकॉकहून मुंबईचं पुढचं विमान हुकलं. 24 आणि 25 ला संध्याकाळी येणं-जाणं ठेवूच नका. 26 ला दुपारचं निघा आणि बँकॉकला एक रात्र मुक्काम करून मग मुंबई. मुंबई-बँकॉक साडेचार तासांच्या आत-बाहेर आहे, तो टप्पा सोपा.

---

शिलालेख

वेगळं मत मांडतो. सुखोथाय सोडू नका. तिथल्या ऐतिहासिक उद्यानात, जे 1991 पासून जागतिक वारसा यादीत आहे, पडक्या देवळांमधल्या तळ्यांत दिवे सोडतात. राजा रामखामहेंगच्या 1292 च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखात मेणबत्त्या जाळण्याच्या उत्सवाचा उल्लेख आहे. जमीन सपाट, जागा मोकळी, आणि उत्सव एक रात्र नाही, कितीतरी दिवस चालतो. उभ्या बुद्धमूर्तीमागून चंद्र वर येताना पाहिला की माणूस शांत होतो. चियांग मायचा नदीवरचा पूल मला त्या गर्दीत अर्धा तासही सहन झाला नाही.

---

कावेरी_बँकॉक

शिलालेख, जागा सुंदर आहे हे मान्यच. पण चियांग मायहून सुखोथाय बसने पाच-सहा तास, आणि रेल्वेने जायचं तर फित्सानुलोकला उतरून पुढे साठेक किलोमीटर. सात दिवसांत दोन्ही केलं तर आईंचा निम्मा प्रवास खिडकीत जाईल. एकच निवडायचं तर प्रश्न असा आहे की तळ्यात दिवा सोडायचा की वाहत्या नदीत. वाईची माणसं काय म्हणतील ते तुम्हीच ठरवा. :)

---

शेवंती

थोडं अवांतर, पण तारखा ठरवणाऱ्यांनी वाचावं. तिथी जुळली म्हणून दरवर्षी जुळेलच असं धरू नका. आम्ही फुकेतचा शाकाहार उत्सव नवरात्रात येतो हे ऐकून होतो, आणि 2023, 2024 ला तो खरोखरच घटस्थापनेच्या आसपास होता. 2025 ला आमचं नवरात्र सप्टेंबरात 22 तारखेला बसलं, तिकडचा उत्सव ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. तो चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात असतो आणि त्या वर्षी त्यांच्याकडे अधिक महिना होता. आम्ही विमानाची तिकिटं काढून बसलो होतो. लोय क्राथोंगच्या तारखाही थायलंडच्या पर्यटन खात्याच्या घोषणेशी ताडून मगच हॉटेलचे पैसे भरा. व्हिसाचे नियमही अधूनमधून बदलतात, तेव्हा दूतावासाचं पान बघून ठेवा. येणाऱ्यांचा डिजिटल फॉर्म पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो, आईंचा तुम्हीच भरून ठेवा.

---

मेणवली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं आईला वाचून दाखवलं. खोंगखा म्हणजे गंगा हे ऐकून तिने हात जोडले. तळं की नदी, याचं उत्तर तिने क्षणात दिलं: "दिवा पुढे जायला हवा. तो दिसेनासा होईपर्यंत उभं राहायचं असतं."

तेव्हा चियांग माय ठरलं. तिकिटाचा कंदील नाही. पुढच्या वेळी सुखोथाय, शिलालेख, तुमची गोष्ट मी विसरणार नाही.

कावेरी, दोन गोष्टी सांगाल? गर्दी टाळून पाण्यापर्यंत जाता येईल अशी जागा कुठली? आणि क्राथोंग, म्हणजे तो पानाफुलांचा दिवा, विकत न घेता आईला स्वतः करायचाय.

---

कावेरी_बँकॉक

नवारात पुलावर जाऊ नका, सगळी गर्दी तिथेच असते आणि रस्ता वाहनांना बंद करतात. पिंग नदीकाठीच वात चाय मोंगखोन नावाचं देऊळ आहे, त्याचा धक्का थेट पाण्यापर्यंत उतरतो. एरवी लोक तिथे मासे सोडायला येतात. सणाच्या दिवशी तिथेही माणसं असतात, पण पाचच्या सुमाराला, अंधार पडायच्या आत गेलात तर आईंना निवांत उभं राहता येईल. हॉटेल त्याच्या जवळपास, पायी अंतरावर घ्या. त्या रात्री लाल सोंगथेव (इथली शेअर गाडी) मिळाली तरी हलत नाही. दोइ सुथेप डोंगरावरच्या देवळाला दुसऱ्या दिवशी सकाळी जा. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, पण वर नेणारी गाडी आहे, पायऱ्या चढायची गरज नाही. पहाटे गारवा असतो, शाल ठेवा.

क्राथोंगसाठी वारोरोत बाजाराच्या शेजारी, नदीकाठीच तोन लामयाय हा फुलबाजार आहे. झेंडू, शेवंती, लिली, सगळं मिळतं. त्या दोन दिवसांत खुंटाच्या कापलेल्या चकत्या आणि पानांच्या जुड्याही तिथेच विकायला असतात. टाचण्या तेवढ्या वापरू नका, बांबूच्या काड्या मागा, टाचण्या नदीत जातात. थर्मोकोलचे तयार क्राथोंगही दिसतील, ते घेऊ नका.

---

मेणवली

आई इथे शेजारीच बसली आहे. ती विचारते, पान कोवळं घ्यायचं की जून?

---

कावेरी_बँकॉक

जून. आणि आदल्या दिवशी थोडं उन्हात टाकून कोमेजू द्या म्हणावं, मग दुमडताना फाटत नाही.

---

मेणवली

ती म्हणते, "पत्रावळीसारखंच की."