त्याच बोटांनी बासरीत तार षड्ज, क्लॅरिनेटमध्ये मात्र पंचम : असे का होते?

वेळूवाला (शिवाजी पेठ, कोल्हापूर)
नमस्कार मंडळी. मी बासरी वाजवतो आणि सध्या आमच्या पेठेतील बँडमधल्या एका काकांकडे क्लॅरिनेट शिकत आहे. बासरीवर बोटे न हलवता फुंक जरा आवळली की मध्य सप्तकातला सा थेट तार सप्तकात जातो. क्लॅरिनेटवर मात्र सा धरून डाव्या अंगठ्याजवळची मागची चावी दाबली, तर तार षड्ज ओलांडून त्याच्याही वरचा पंचम निघतो. काकांना विचारले तर ते म्हणतात, "त्यात असंच असतंय." दोष माझ्या फुंकीत आहे की वाद्याच्या घडणीत?

सुरावट
आपल्या फुंकीत काही खोट नाही. क्लॅरिनेटला पत्ती (फुंकेने थरथरणारी वेताची पातळ पट्टी) असते आणि बासरीला नसते, त्यामुळे हा फरक पडत असावा.

नळी आणि नाद
सुरावटजी, कारण केवळ पत्तीचे असते तर सनईतही पंचमच आला असता. सनईला तर दुहेरी पत्ती, तरीही तिथे सा चा तार साच होतो. खरा मुद्दा नळीच्या आकाराचा आहे. बासरी दोन्ही टोकांनी उघडी असते, त्यामुळे तिच्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सर्व कंपनसंख्या उमटतात आणि दुप्पट म्हणजेच तार षड्ज. क्लॅरिनेटची नळी बहुतांशी सरळ, सारख्या व्यासाची असते आणि पत्तीखालची फट इतकी बारीक की ध्वनिलहरीच्या दृष्टीने ते टोक बंदच असते. एका टोकाने बंद अशा सरळ नळीत मुख्यतः विषम पटींचे स्वर उमटतात. म्हणून मूळ सुरानंतर थेट तिप्पट कंपनसंख्येचा स्वर येतो, आणि तोच आपला तार सप्तकातला पंचम. सनई मात्र खाली रुंद होत जाते. शंकूच्या आकाराच्या नळीत, तोंडाकडचे टोक बंद असूनही, उघड्या नळीसारखी सर्व पटींची मालिका मिळते. सॅक्सोफोनला क्लॅरिनेटसारखीच एकेरी पत्ती असते, पण नळी शंकूची, म्हणून तोही सा चा सा देतो.

पडताळा घरीच घेता येईल. प्लंबरकडून पीव्हीसी नळीचा हातभर तुकडा आणून त्याच्या काठावर आडवी फुंक मारा, मग दुसरे टोक तळव्याने बंद करून पुन्हा मारा. सूर जवळजवळ एक सप्तक खाली उतरेल. पाश्चात्य बासरी आणि नेहमीचे क्लॅरिनेट लांबीला साधारण सारखेच, सुमारे ६६ सेंटिमीटर, पण बासरीचा सर्वांत खालचा स्वर सुमारे २६२ हर्ट्झचा, तर क्लॅरिनेटचा सुमारे १४७ हर्ट्झचा असतो, तो याच कारणाने.

जुना बाजा
यात इतिहासाची भर घालतो. क्लॅरिनेट घडवल्याचे श्रेय न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टॉफ डेनर या कारागिराला दिले जाते. काळ सुमारे १७०० चा. त्याआधीच्या शालुमो या वाद्याचा पल्ला तोकडा होता, तो चाव्या बसवून वाढवण्यात आला. पण उडी पंचमापर्यंत जात असल्याने बोटांची पुनरावृत्ती सुरू होण्याआधी १९ वेगळे स्वर हाताशी लागतात. सप्तकात उडी घेणाऱ्या वाद्याला १२ पुरतात. दहा बोटांत हे बसवणे सोपे नव्हते. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये क्लॅरिनेटवादक क्लोझे आणि वाद्ये घडवणारे बुफे यांनी जी चाव्यांची रचना सिद्ध केली, तीच आज १७ चाव्यांच्या स्वरूपात सर्वाधिक प्रचलित आहे. अॅडॉल्फ साक्सने सॅक्सोफोनचे पेटंट १८४६ मध्ये घेतले, तेव्हा शंकूच्या नळीमुळे हा व्याप मुळातच टळला होता.

वेळूवाला
दोघांचेही मनःपूर्वक आभार. नळीचा प्रयोग केला, सूर खरोखरच खाली उतरला. एक पुरवणी प्रश्न : मागची चावी दाबण्याच्या अगदी आधीचे, बहुतेक भोके उघडी असतानाचे दोन-चार स्वर माझ्याकडून फार पोकळ येतात. तेही घडणीमुळेच का?

जुना बाजा
बरेचसे घडणीमुळेच. त्या स्वरांच्या वेळी नळीचा वरचा आखूड भागच बोलत असतो, त्यामुळे ते मुळात दुबळे निघतात. उजव्या हाताची काही भोके बंद ठेवून पाहा; स्वर भरीव होतो, पण किती भोके बंद ठेवायची हे प्रत्येक वाद्यागणिक बदलते, तेव्हा काकांच्या वाद्यावर तेच दाखवतील.