पान सोडून बाहेर पाहायला शिकवावे

एखादे संकेतस्थळ विश्वासार्ह आहे का हे ओळखण्यासाठी लेखकाचे नाव, संपर्काचा पत्ता, शुद्ध भाषा इत्यादी तपासण्याची यादी मुलांना द्यावी, ही सूचना मला अपुरी वाटते, कारण या गोष्टी फसवणाऱ्यालाही सहज मांडता येतात, ‘.ऑर्ग’ने संपणारा संकेतस्थळाचा पत्ता तर कोणीही विकत घेऊ शकतो. (‘.जीओव्ही.इन’ मात्र शासकीय यंत्रणांनाच मिळतो, एवढे जरूर सांगावे.)

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळणीकार (फॅक्ट-चेकर) आणि २५ विद्यार्थ्यांना संकेतस्थळे तपासायला दिली, तेव्हा इतिहासकारसुद्धा अधिकृत भासणाऱ्या बोधचिन्हांना अनेकदा भुलले. पडताळणीकार मात्र ते पान लगेच सोडत, नवे टॅब उघडत आणि त्या संस्थेविषयी इतरत्र काय लिहिले आहे ते आधी पाहत. शाळेत मुलांकडून करून घ्यायला हवे ते हेच.