मदत हवी आहे : पीटीच्या तासानं मुलांचा दम वाढतो का, आणि तो मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी एका अनुदानित शाळेत पीटी शिकवतो. आठवीच्या दोन तुकड्या. यंदा जुलैपासून ‘ब’ तुकडीचे पीटीचे दोन्ही तास शिष्यवृत्तीच्या सरावाला गेले. मी कुरकुर केल्यावर मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, “सर, तुमच्या तासानं मुलांच्या तब्येतीत काय फरक पडतो ते कागदावर दाखवा, तास परत देतो.” राग आला. पण घरी येऊन विचार केला, तर दाखवायला खरंच काही नव्हतं.

म्हणून ‘अ’ तुकडीत एक उद्योग केला. एका मुलीवर, तिला न सांगता, घंटा ते घंटा स्टॉपवॉच लावलं. ती हलली की चालू, थांबली की बंद. ३५ मिनिटांचा तास. वर्गातून खाली येणं, रांग, हजेरी, “बूट का नाही घातले” यातच नऊ मिनिटं गेली. मग खो-खो. पाटीत बसलेल्या आठांत ती. तिला खो मिळाला तीनदा. एकूण धावणं भरलं २ मिनिटं ५० सेकंद. हात फिरवणं, जागच्या जागी उड्या धरूनही सात मिनिटांच्या आत. पुढच्या तासाला एका मुलावर लावलं, तो जरा दांडगा, तरी दहाच्या पुढे गेला नाही. वर्गात ५८ मुलं आणि मी एकटा. तास चांगला झाला असं मला वाटत होतं, कारण आरडाओरडा भरपूर होता!

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोमदार हालचाल सांगते. आमचे आठवड्याचे दोन तास मिळून वीस मिनिटंही भरत नाहीत.

आता प्रश्न :

१. खेलो इंडियाच्या चाचणीतली ६०० मीटर धाव आम्ही घेतोच. जूनची वेळ आणि फेब्रुवारीची वेळ ताडून पाहिली तर चालेल का? मधल्या काळात पोरं चार बोटं उंच होतात, त्याचं काय?

२. २० मीटरची बीपवाली शटल धाव (दोन रेघांमध्ये बीपच्या तालावर ये-जा, ताल गाठता येईनासा होईपर्यंत) कुणी शाळेत घेतली आहे का? ताशी ८.५ किलोमीटरनं सुरुवात, दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरनं वेग वाढतो, एवढं माहीत आहे. अडचण अशी की एक मैत्रीण थांबली की मागोमाग चौघी थांबतात. तो दम संपणं नव्हे, सोबत देणं झालं.

३. ५८ मुलं एका तासात जास्त वेळ पळती कशी ठेवायची?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

सर, आधी तिसऱ्याबद्दल. एका मोठ्या खो-खोऐवजी चार छोटे डाव लावा, पाटीत चारच जण. लंगडी-पळती तर फार उत्तम, लंगडी घालताना भल्याभल्यांची दमछाक होते. बाद झालेल्याला बसवू नका, मैदानाला एक फेरी मारून परत डावात. आपल्याकडे बाद होतं ते नेमकं धापा टाकणारं पोर, आणि उरलेला तास तेच बसून काढतं. हजेरी पळतानाच घ्या. शटलसाठी जागा शोधू नका, मोठ्या गटाच्या खो-खोच्या दोन खांबांत २० मीटर सहज बसतात.

प्रतिसाद २

६०० मीटरची वेळ वाढीनं, सरावानं आणि जोर कसा राखायचा हे कळल्यानंही सुधारते. पहिल्यांदा सगळी पोरं सुरुवातीलाच सुसाट सुटतात. म्हणून पहिली धाव रंगीत तालीम धरा, आठवड्यानं घेतलेली दुसरी नोंदवा. शटल सहा-सहांच्या गटात घ्या, जिवलग मैत्रिणी वेगळ्या गटांत.

मुलामुलींची सरासरी एकत्र काढू नका. या वयात मुलींची वजनाच्या प्रमाणातली ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, आपसूक थोडी उतरते. आकडा टिकला तरी ती कमाईच. शिवाय या वयात सरावानं या क्षमतेत होणारी वाढ बेताचीच असते, आणि तीसुद्धा ठोके कमाल ठोक्यांच्या ८० टक्क्यांच्या वर गेले तर. या वयाला कमाल साधारण २०० धरा. डाव थांबवून मनगटावर दहा सेकंद मोजायला लावा, २७ च्या आसपास यायला हवेत. दम्याच्या मुलांना मात्र पालकांना विचारल्याशिवाय शेवटपर्यंत पळवू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कालच चार डाव लावून पाहिले. त्याच मुलीचं स्टॉपवॉच साडेतेरा मिनिटांवर गेलं. ठोके मोजायचा कार्यक्रम मात्र फसला, निम्म्यांना नाडीच सापडेना, दोघांनी तर “सर, माझी बंद आहे” म्हणून सांगितलं.

एक शंका उरली. ‘ब’ तुकडीला पीटी नाही, म्हणजे तुलनेला ती आयतीच तयार आहे. पण ‘ब’मधली बरीच मुलं वाडीवरून चार-पाच किलोमीटर सायकल मारत येतात, ‘अ’ची निम्मी रिक्षानं. शटलमध्ये ‘ब’ पुढे निघाली तर मुख्याध्यापकांपुढे कोणत्या तोंडानं जाऊ? सायकलवाले वेगळे काढून हिशेब करायचा, की प्रत्येकाची फक्त स्वतःच्या जुन्या आकड्याशी तुलना करायची?