शब्दचर्चा : कीटकाची ‘जाती’ की ‘प्रजाती’?

चौकस : पेपरात बातमी येते, ‘सह्याद्रीत कीटकाची नवी प्रजाती सापडली’. मराठी विश्वकोशात मात्र ‘या प्रजातीत अमुक इतक्या जाती आहेत’ असं वाचायला मिळतं. मग सापडलं नेमकं काय?

आग्यामोहोळ : बहुतेक वेळा जाती. विश्वकोशातली मोठ्या गटाकडून लहान गटाकडे जाणारी उतरंड अशी : संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती हा इंग्रजीतला जीनस (जवळच्या जातींचा गट), स्पीशीज (एकेक जाती) नव्हे. मधमाश्यांचंच बघा. एपिस ही प्रजाती. आग्या (एपिस डॉर्साटा), फुलोरी (एपिस फ्लोरिया), सातेरी (एपिस सेराना) आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा या तिच्या जाती. पोयाची माशीही मध साठवते, पण डंख मारत नाही. कुल तेच, प्रजाती वेगळी.

पानकिडा : ‘जात’ म्हटलं की भलताच अर्थ डोक्यात येतो, म्हणून बातमीदार बिचकत असावेत. शिवाय हिंदीची छाया. तिकडे स्पीशीजला सर्रास प्रजाति म्हणतात, जीनसला वंश. आपणही तसंच करावं आणि मोकळं व्हावं. ‘प्रजाती’ आता रुळलाय.

आग्यामोहोळ : रुळलाय खरा, पण जुनं पुस्तक हातात घेणाऱ्याचा घोळ होतो त्याचं काय? पोयाच्या माशीला आधी ट्रायगोना इरिडिपेनिस म्हणत, आता टेट्रागोनुला इरिडिपेनिस म्हणतात. इथे प्रजाती बदलली, जाती तीच राहिली. हे वाक्य तुमच्या ‘रुळलेल्या’ शब्दांत लिहून दाखवा!

पानकिडा : ‘वंश बदलला, प्रजाती तीच.’ जमलं की.

आग्यामोहोळ : बरं, जमलं. पण मग एकाच लेखात दोन्ही पद्धती मिसळू नका.

चौकस : जाती वेगळी हे ठरवतात कशावरून?

आग्यामोहोळ : कधी फार बारीक खुणांवरून. सातेरीच्या मागच्या पंखावर एक शीर जरा पुढे वाढलेली असते, मेलिफेराच्या पंखावर ती नसते. भिंगाशिवाय दिसायची नाही. या दोघींचा संकरही होत नाही.

पानकिडा : मेलिफेरावरून आठवलं. सजीवांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुळवणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये हे नाव दिलं, अर्थ ‘मध वाहणारी’. माशी मध वाहत नाही, बनवते, म्हणून १७६१ मध्ये त्यानं ‘मेलिफिका’ केलं. पण अग्रक्रमाच्या नियमानं आधीचंच नाव टिकलं.

चौकस : आणि बातमी वाचताना ओळखायचं कसं?

आग्यामोहोळ : शास्त्रीय नाव बघा. त्यातला फक्त दुसरा शब्द नवा असेल तर जाती नवी. पहिलाही नव्यानं घडवलेला असेल तर प्रजातीसुद्धा.