मदत हवी आहे: आभारपत्र आणि ८०जी पावती एकाच पानावर कशी बसवायची? (तातडीचे)

मधलीसुट्टी (२२ मे २०२५)
देणगीदारांना पाठवायच्या पत्राचा मजकूर कुणी देईल का? आभारही हवेत आणि ८०जीची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळते ती, पावतीही. गेल्या वर्षी मेल मर्ज करून (यादीतली नावं संगणकाने पत्रात भरून) सगळ्यांना एकच पत्र धाडलं आणि तोंडघशी पडलो. एका बाईंनी आईच्या स्मरणार्थ पैसे दिले होते. रकान्यांची सरमिसळ झाली आणि पत्र गेलं थेट आईच्या नावाने: 'आपणांस उत्तम आयुरारोग्य लाभो.' बाईंचा फोन आला. त्या चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. यंदा तसं नको. ३१ तारीख डोक्यावर आहे. फाफटपसारा नको, नमुना द्या.

खतावणी
१०बीडी, म्हणजे देणगीदारांच्या यादीचं आयकर विवरण, भरलं का? देणगीदार किती? पैसे कसे आले, चेक, यूपीआय की रोख? पॅन घेतलेत? एवढं कळल्याशिवाय नमुना काय देणार, कपाळ?

मधलीसुट्टी
८०जी आहे हो आमच्याकडे, म्हणून तर विचारतेय. ३४० च्या आसपास देणगीदार. १०बीडी वगैरे आमचे सीए बघतात. मला फक्त पत्र हवंय.

निळीशाई
मी एका वाचनालयासाठी ११ वर्षं आभाराची पत्रं लिहितेय, हाताने. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं. रोज दहा लिहिली की महिन्याभरात ३०० होतात. माणसं ती कपाटाच्या काचेत लावून ठेवतात. मेल कोण ठेवतं?

खतावणी
पोस्टकार्ड लिहा, पण त्यावर रक्कम नि पॅन लिहू नका. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचतात.
मूळ प्रश्नाचं: एकाच पानावर बसवायचा हट्ट सोडा. कागद तीन आहेत. पैसे आले की लगेच तुमची क्रमांक घातलेली पावती. मग आभाराचं पत्र. आणि आर्थिक वर्ष संपल्यावर १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र. २०२१-२२ पासून देणगीदाराची वजावट या १०बीईवर चालते, नुसत्या छापील पावतीवर नाही. संस्थेने १०बीडी ३१ मेपर्यंत भरायचं, मग आयकर पोर्टलवरून एकेकाचं १०बीई उतरवून ३१ मेपर्यंतच त्यांना द्यायचं. त्याचा साचा पोर्टलचा, त्यात स्नेह-वृद्धिंगत घालायला जागा नाही. उशीर झाला तर कलम २३४जीखाली दिवसाला २०० रुपये, आणि २७१केखाली १०,००० ते १ लाखापर्यंत दंड लागू शकतो.

उंटावरचा
एवढा आटापिटा कशाला? नव्या करप्रणालीत ८०जीची वजावटच नाही. निम्म्या लोकांना त्या कागदाचा उपयोग शून्य.

खतावणी
देणगीदाराने कुठली प्रणाली घेतली हे संस्थेला कसं कळणार? आणि कळलं तरी १०बीडी चुकत नाही. लोकांना अर्धवट सांगून घोटाळ्यात पाडू नका.

उंटावरचा
मी मत मांडलं, सल्ला दिला नाही.

तिकीटबाबू
पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावता ना? ५००० च्या वर १ रुपयाचा लागतो. आमच्या ऑडिटरने स्टॅम्प नाही म्हणून पावतीपुस्तक परत पाठवलं होतं.

खतावणी
देणगीला नाही लागत. मोबदल्याशिवाय दिलेल्या पैशाच्या पावतीला मुद्रांक कायद्यातच सूट आहे. ऑडिटरला सांगा.

तिकीटबाबू
त्यांना तुम्हीच सांगा. मी लावतो, एक रुपयाने काय होतंय.

दूरदेशी
माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याला आमच्या ट्रस्टला पैसे द्यायचेत. चालेल का?

खतावणी
पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःची बचत बँकेमार्फत पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व तिकडचं घेतलं असेल तर एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हवी, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी. पण हा धागा तो नाही.

मधलीसुट्टी
अहो, माझं कुणी ऐकेल का? आता यादी उघडून बसले तर ५७ जणांचे पॅन नाहीत. तिघांनी रोख ५,००० दिलेत. एका काकांनी स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवले, पण पावती मुलाच्या नावे हवी, कारण कर तो भरतो. आणि काहींनी वह्या-दप्तरं आणून दिली, त्यांची किंमत काय लिहू?

खतावणी
हे पहिल्यांदाच सांगायचं होतंत. काकांना नाही म्हणा, ज्याने दिले त्याच्याच नावे. २००० च्या वर रोख असेल तर त्या देणगीला वजावट नाही, आभार मात्र तेवढेच माना. वह्या-दप्तरांनाही ८०जी नाही. पोचपावतीत नग लिहा, किंमत लिहू नका. ५७ जणांना आजच फोन करा. पॅन नसेल तर १०बीडीत आधार किंवा पासपोर्ट क्रमांकही चालतो. नाव-पत्ता तर कुणाचाच सोडू नका, निनावी देणगी ठरावीक मर्यादेबाहेर गेली की संस्थेला ३० टक्के कर बसतो.

निळीशाई
फोन करालच तर पॅन मागायच्या आधी दोन मिनिटं बोला. पत्रात काय लिहायचं ते तिथेच सापडेल.

मधलीसुट्टी
बरं, त्या बाईंसाठी हे लिहिलंय, बघा: 'आईंच्या आठवणीत तुम्ही दिलेल्या पैशांतून सातवीच्या खोलीत खिडकीखाली लांब फळी ठोकली. मुली मधल्या सुट्टीत तिथे बसून वाचतात. मागच्या वेळी आमच्याकडून नावात चूक झाली, ती विसरलेलो नाही. यातले ५० टक्के आपल्याला करातून परत मिळतील.'

निळीशाई
फळी आणि चुकीची कबुली, तिथेच थांबा. शेवटचं वाक्य काढा.

खतावणी
काढाच, चुकीचंही आहे. ५० टक्के परत मिळत नाहीत. जास्तीत जास्त देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही मर्यादेत. १०,००० दिले आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर साधारण १५०० वाचतात.

मधलीसुट्टी
काढलं. सीएंना फोन केला. म्हणाले, "१०बीडी? यादी तुम्ही पाठवणार होतात ना?"

खतावणी
नऊ दिवस आहेत. पत्र बाजूला ठेवा, आधी पॅन.

तिकीटबाबू
आणि स्टॅम्प.