तीन मिनिटांत राग मावतो का? नुकत्याच घेतलेल्या तबकड्या आणि आपले गवई

मिरजकर

दिवाळीनंतर दोन खरेद्या झाल्या. मिरजेतल्या एका जुन्या वाड्यातलं सामान निघालं, त्यात किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावणाऱ्या) तबकड्या होत्या, त्या घेतल्या. दुसरी सांगलीत मिळाली, अमीर खाँसाहेबांची लाँगप्ले (जास्त वेळ चालणारी तबकडी), एका बाजूला मारवा राग आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. दोन्ही बरेच दिवस ऐकतोय आणि माझं मत पक्कं झालंय. करीम खाँसाहेबांची तीन-सव्वातीन मिनिटांची तबकडी म्हणजे लांब ख्यालाचा (राग सावकाश मांडणाऱ्या गाण्याचा) कापून आणलेला तुकडा नव्हे. ती स्वतःत पुरी आहे.

झिंझोटी रागातली 'पिया बिन नहीं आवत चैन' ऐका. वेळ कमी आहे म्हणून कुठे पळापळ नाही. स्वर लागतो, थांबतो, आणि त्या थांबण्यातच झिंझोटी उभा राहतो. देवगांधारातलं 'चंद्रिका ही जणू' घ्या. आपलं नाट्यपद, पण नाटकाचा आवेश बाजूला ठेवून नुसता राग समोर येतो. कर्नाटकी संगीतातल्या त्यागराजांची खरहरप्रिया रागातली रचनासुद्धा या माणसाने तबकडीवर गायली. कर्नाटकी सरगम (स्वरांची नावं घेत गाणं) किराणा घराण्यात कशी मुरली, ते तिथे ऐकू येतं. एवढं सगळं एकेका बाजूत! काय गाळायचं याचा निर्णय गवयाने आधी घेतलेला आहे, आणि तो निर्णय हीच मोठी कला आहे.

पुढे सीडी आली, ७४ मिनिटं मिळाली, आणि ती भरायचीच असं ठरवून कितीतरी गायन-वादन लांबलं. तीच तान पुन्हा, तीच तिहाई पुन्हा. तुम्ही काय घेतलंत अलीकडे? आणि हे पटतं का?

कृष्णाकाठची (सांगली)

अजिबात पटत नाही.

किराणा घराण्याचा जीव बढतीत आहे. एकेक स्वर घेऊन राग उलगडायचा, घाई नाही. नेमक्या त्याच घराण्याला तीन मिनिटांत कोंडलं आणि आता त्या कोंडण्यालाच तुम्ही कला म्हणता? तीन मिनिटं खाँसाहेबांनी निवडली नव्हती. दहा इंची तबकडीवर तेवढंच मावत होतं. त्याच घराण्याचे वहीद खाँसाहेब तबकड्यांच्या वाटेला गेले नाहीत, रेडिओवरून टिपलेलं थोडंसं काय ते आपल्यापर्यंत आलं. अल्लादियाँ खाँसाहेबांचं तर काहीच ध्वनिमुद्रण नाही. त्या मोठ्या लोकांना यंत्राचा हा सौदा मान्य नव्हता, असंच मला वाटतं.

आणि अहो, तुमच्याच लाँगप्लेवरचा मारवा ऐका की! मारव्यात पंचम (प) नाही, आणि षड्जावर (सा वर) टेकायचं ते शक्य तितकं पुढे ढकलायचं. कोमल रिषभ (रे) आणि धैवत (ध) यांच्यामध्ये जी कासाविशी होते तिला वेळ लागतो. ऐकणारा षड्जासाठी तळमळला पाहिजे, मगच तो मिळाल्याचं सुख. तीन मिनिटांत माणूस तळमळेल कधी?

मी नुकतीच मालिनीताई राजूरकरांच्या मैफलीची सीडी घेतली. तबला लावण्याचा आवाज, मधली दाद, सगळं आहे. टप्पा या गायनप्रकाराला लोक कुठे हलतात ते कळतं. गाणं माणसांसमोर झालं पाहिजे. बंद खोलीत घड्याळ बघून गायलेलं गाणं मला अपुरं वाटतं.

मिरजकर

ताई, एक आठवण करून देतो. लहानपणी भीमसेनजींनी हीच झिंझोटीची तबकडी ऐकली आणि असं गाणं आपल्याला आलं पाहिजे म्हणून पुढे घर सोडलं. मैफल नव्हती, दाद नव्हती. एका बाजूच्या गाण्याने मुलगा घराबाहेर पडला. अपुऱ्या गाण्यात एवढं बळ असतं?

कृष्णाकाठची (सांगली)

घर सोडायला लावलं, बरोबर. गाणं कुठे शिकले? ग्वाल्हेर, जालंधर असं फिरून शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे, पाणी भरत, वर्षानुवर्षं. तबकडीने ओढ लावली, राग गुरूने दिला. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

वाईकर

ख्यालातलं मला फार कळत नाही, पण तीन मिनिटांनी काय नेलं ते सांगतो. आमच्या वाई तालुक्यातलं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. घरात लोकगीतांच्या जुन्या तबकड्या आहेत, गेल्या महिन्यात त्यांत दोन-चार नव्याने घातल्या. गीत तीन मिनिटांत झकास बसतं. पोवाडा बसत नाही. पोवाड्यात शाहीर थांबतो, गद्यात सांगतो, झीलकरी (मागचे साथीदार) जीऽ जीऽ करतात, डफ पुन्हा तापतो, मग पुढचा चौक (कडवं). वेळेची कात्री लागली की सगळ्यात आधी ते गद्य जातं, आणि गोष्ट तर त्यातच असते. म्हणून मी ताईंच्या बाजूने.

जवारी (मिरज)

दोघेही मिनिटं मोजताय. माझी तक्रार वेगळी आहे. मी तंबोऱ्याच्या कामातला माणूस.

जुन्या तबकड्यांवरून केलेल्या 'स्वच्छ' सीडी घेऊ नका. खरखर काढताना तंबोरा जातो. जवारीतून (तारांखालच्या घासून तयार केलेल्या घोडीतून) निघणारी ती बारीक झणझण आणि सुईची खरखर वरच्या पट्ट्यात एकमेकींत मिसळलेली असतात. यंत्राला फरक कळत नाही, दोन्ही पुसतं. मग खाँसाहेबांचा आवाज अधांतरी लटकतो. जो माणूस स्वतःच्या हाताने वाद्यं दुरुस्त करायचा, ज्याने सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना आणि क्लेमंट्ससाहेबांना, म्हणजे श्रुतींच्या अभ्यासकांना, श्रुती (स्वरांमधले बारीक भेद) गाऊन दाखवल्या, त्याच्या गाण्यातून तंबोरा काढायचा? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या गल्लीत आनंद झाला. पण ऐकणाऱ्याने तंबोरा ऐकलाच नाही तर त्या मानांकनाचं काय करायचं?

दुसरं, वेग. त्या काळी सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर भरलेल्या नसत. वेग साधारण सहा टक्के वाढला की पांढरी एकचं गाणं काळी एकवर, म्हणजे पेटीच्या लगतच्या वरच्या पट्टीवर जातं. आवाज पातळ होतो, तान उगाच जलद वाटते. खाँसाहेब फार उंच आणि नाजूक गात असं लोक म्हणतात. त्यातलं किती गळ्याचं आणि किती मोटरचं, हे आधी तपासा.

यवतेश्वर (सातारा)

फोनवर सगळं फुकट मिळतं, तरी विकत का घ्यायचं? खरंच विचारतोय. मला नुकताच पहिला पगार झालाय आणि काहीतरी घ्यावंसं वाटतंय.

जवारी (मिरज)

बाळा, वरचं दोन्ही वाच. फोनवरचं कुणी कुठल्या वेगाने भरलं ते तुला कळणार नाही. तबकडी हातात असली की वेग तुझ्या हातात.

७८ घेणार असशील तर लाँगप्लेची बारीक सुई तिच्यावर चालवू नकोस. खाच रुंद असते, जाड सुई वेगळी मिळते. आणि पुसायला स्पिरिट कधीच नको. त्या तबकड्या लाखेच्या, स्पिरिटने लाख विरघळते. पहिल्या पगारात लाँगप्लेच घे, ती सांभाळायला सोपी.

मिरजकर

जवारीदादांचं वेगाचं म्हणणं मी स्वतः लावून बघतोय. तबकडीच्या बाजूने मात्र एक गोष्ट राहिली. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानं सोडली, त्यांवर पृथ्वीचं संगीत भरलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. भारताचं त्यात काय आहे? केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची. सगळ्या भारतातून निवडायचं होतं, तेव्हा तीच पुरेशी वाटली.

कृष्णाकाठची (सांगली)

कारण सगळ्या पृथ्वीच्या संगीताला मिळून दीड तास होता! तिथेही जागेचीच अडचण. शिवाय ती भैरवी आहे. भैरवी मैफल संपताना म्हणतात. आधी दोन-तीन राग झालेले असतात, कान भरलेले असतात, म्हणून ती लहान चालते. केसरबाईंची खरी उंची मला ललत आणि गौड मल्हार या रागांत दिसते, आणि तिथे दोन बाजू मिळाल्या तरी त्या कमीच पडतात.

मिरजकर

करीम खाँसाहेबांची 'जमुना के तीर' ही भैरवीच आहे. सकाळी उठून, आधी काहीही न ऐकता लावतो, आणि पहिल्या ओळीलाच डोळे भरतात. कान आधी भरलेले लागतात, हे म्हणणं त्या तबकडीपुढे टिकत नाही. मारव्याचं तुमचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. मारवा लांबच हवा. झिंझोटी, भैरवी, देवगांधार यांच्याबद्दल मी माझ्या जागेवर आहे.