नाशिक: सेन्सर बदलला, दिवा पुन्हा पेटला

नमस्कार मंडळी,
सध्या मुक्काम नाशिक, गंगापूर रोड. बाबांची पेट्रोल गाडी सकाळी मिसिंग करते, पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेजही पडलंय. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०११३ कोड आला, म्हणून हवेच्या तापमानाचा सेन्सर बदलला. चार दिवसांत चेक इंजिनचा दिवा परत हजर! आता तो म्हणतो, ईसीएमच (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलंय. बाबा गाडी विकायला निघालेत. कोणी जाणकार?

---

अरे, ईसीएमला हात लावू देऊ नकोस. तो कोड ‘सेन्सर गेला’ असं म्हणतच नाही. त्या सर्किटवर व्होल्टेज जास्त दिसतंय, एवढंच म्हणतो.

सेन्सरच्या आत एक थर्मिस्टर असतो. हवा गार तर रेझिस्टन्स जास्त, गरम तर कमी. ईसीएम पाच व्होल्ट पाठवतं आणि त्यातले किती उरले त्यावरून तापमान काढतं. वायर तुटली की पाचच्या पाच उरतात, आणि त्याला वाटतं बाहेर उणे ४० आहे. निफाडला कितीही गारठा पडला तरी इतका नाही रे! कोड नोंदवला गेला की ते ठरावीक आकडा धरून चालतं, पण तोवर गार हवा समजून जास्त पेट्रोल सोडतं. वास त्याचाच असावा.

गाडीचे आकडे मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथचा ओबीडी डोंगल घे. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी फक्त इग्निशन ऑन कर. हवा आणि कूलंट, दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. हवा उणे ४० दिसली तर सेन्सरचा प्लग काढून हार्नेसकडच्या (वायरच्या जुडग्याकडच्या) दोन पिना वायरच्या तुकड्याने जोड. आकडा एकदम शंभराच्या वर गेला तर दोष सेन्सरचा, ढिम्म राहिला तर वायरिंगचा. प्लगला दोनच पिना असतील तरच हे करायचं. चार-पाच असतील तर त्यात दुसरा सेन्सरही असतो, भलत्या पिना जोडल्यास महागात पडेल.

आकडे बरोबर आले तर इंजिन चालू ठेवून वायर हलवून बघ. आणि एक सांग, एअर फिल्टर कधी बदलला होता?
– अंबडवाले काका

---

गाडी झाडाखाली लावता का? आमच्या इंदिरानगरच्या घरी उंदरांनी अख्खा हार्नेस कुरतडला होता. बॉनेट उघडून लेंड्या बघा आधी.

---

काका, फिल्टर दिवाळीत बदलला होता. तुम्ही विचारलंत तेव्हाच पाल चुकचुकली!

सकाळी हवा १२, कूलंट १३. म्हणजे सगळं ठीक. पण इंजिन चालू ठेवून प्लगजवळची वायर जरा वाकवली आणि आकडा धाडकन उणे ४०. सोडली की परत जागेवर. फिल्टरच्या डब्याचं झाकण लावताना वायर क्लिपखाली दाबली गेली होती. वरचं प्लॅस्टिक शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली. द्वारकेजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने नवा तुकडा सोल्डर करून स्लीव्ह चढवली, दीडशे रुपये. जुना सेन्सर मीटरवर तपासला, वीस अंशांच्या आसपास २.४ किलोओहम. म्हणजे धडधाकट! (इंदिरानगरच्या वहिनी, उंदीर नव्हते.)

आज सहावा दिवस, दिवा नाही. बाबा डोंगल काढू देत नाहीत. रोज पहाटे गाडीत बसून तापमान बघतात आणि निफाडच्या आत्याला फोन करतात, “तुमच्याकडे किती?”